भाडं नव्हे, मेंटेनन्स: गावदेवीच्या १९१५ मधल्या सोसायटीपासून माझ्या थकलेल्या बिलापर्यंत

ज्यांना लोकलमध्ये हेडफोन विसरल्यामुळे ऐकता येत नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहूनही देतोय. बोलताना जिथे भरकटलो होतो तिथे थोडी काटछाट केली आहे. सगळीकडे नाही केली.

तर मागच्या वर्षी, गणपतीच्या आधी, आमच्या डोंबिवलीच्या बिल्डिंगच्या नोटीस बोर्डावर एक यादी लागली. पाच फ्लॅट नंबर. नावं नाहीत, फक्त नंबर, लाल पेनाने. तिसरा नंबर बी-१०३. म्हणजे मी.

सात महिने मी मेंटेनन्स भरला नव्हता. पैसे नव्हते असं नाही. मला राग होता. मी पहिल्या मजल्यावर राहतो, लिफ्ट वापरत नाही, आणि बिलात लिफ्टचे पैसे सातव्या मजल्याइतकेच. मी सेक्रेटरींना एक भलामोठा मेसेज पाठवला, उत्तर आलं नाही, म्हणून मी पैसे थांबवले. मला वाटलं हा एक प्रकारचा सत्याग्रह आहे. (हसू नका.)

यादी लागल्यावर मी तावातावाने आमच्या खजिनदार काकांकडे गेलो. रेल्वेतून निवृत्त झालेला माणूस, अजून हिरव्या रंगाच्या जाड वहीत हिशोब ठेवतो. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "अरे, तू आम्हाला भाडं देतोस असं वाटतं का तुला?"

मला उत्तर देता येईना. मेंटेनन्स म्हणजे नक्की काय? भाडं नाही, टॅक्स नाही, वर्गणी नाही, ईएमआय तर नाहीच. मग आहे काय? तिथून मी शोधायला लागलो आणि थेट प्लेगपर्यंत पोचलो. आजचा भाग त्याच्यावर.

१८९६ साली मुंबईत मांडवी भागात प्लेग सापडला आणि शहराची दाणादाण उडाली. लोक गावाकडे पळाले. सरकारला साक्षात्कार झाला की दाटीवाटीच्या, हवा न येणाऱ्या घरांत रोग पसरतो. १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. ट्रस्टने जुन्या वस्त्या पाडल्या, रुंद रस्ते काढले, नवे प्लॉट पाडले. पण जितकी घरं पाडली त्या मानाने सुरुवातीला नवी फार थोडी उभी राहिली. कारकून, शिक्षक, छोटा वकील, अशा पगारदार माणसाची पंचाईत झाली. बंगला परवडत नाही आणि चाळीत राहायचं तर घरमालकाच्या मर्जीवर.

या पगारदारांत कारवार, कानडा भागातून आलेले चित्रापूर सारस्वत बरेच होते. त्यांच्यातले एक श्रीपाद सुब्बराव तालमकी. ताडदेवची तालमकी वाडी त्यांच्याच नावाची. या मंडळींनी १९०६ मध्येच एक पतसंस्था काढली होती. गुरुस्थानी असलेल्या शामराव विठ्ठल कैकिणी यांचं नाव तिला दिलं. आज जिला आपण एसव्हीसी बँक म्हणतो, ती हीच. ही पतसंस्था लक्षात ठेवा. पुढच्या गोष्टीची किल्ली तिच्यात आहे.

पतसंस्थेत काय होतं? मी कर्ज घेतो ते माझ्यासारख्याच दुसऱ्या कुणाच्या तरी बचतीतून. मी हप्ता चुकवला की रांगेत माझ्या मागे उभा असलेल्या माणसाचं कर्ज अडतं. आणि तो माणूस मला रविवारी लग्नात भेटणार असतो. म्हणजे वेळेवर पैसे भरण्याची सवय आधी लागली, घर नंतर आलं.

कायद्याचंही एक वळण होतं. १९०४ चा सहकार कायदा फक्त पतसंस्थांना परवानगी देत होता. १९१२ च्या कायद्याने इतर कामांसाठीही सहकारी संस्था काढायची वाट उघडली. तीन वर्षांत, १९१५ मध्ये, गावदेवीला इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या जागेवर सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी उभी राहायला लागली. आपल्याकडच्या अगदी सुरुवातीच्या गृहनिर्माण संस्थांपैकी ही एक. इमारती अजून आहेत. ग्रँट रोड स्टेशनवरून चालत जाता येतं. मी एका रविवारी गेलो होतो. बाहेरून बघून आलो, आत जाण्याइतका निर्लज्ज नाही.

आता त्या काळातली कल्पना नीट बघा. ती विलायतेतून आलेली होती. लंडनजवळ ईलिंगला १९०१ मध्ये काही कामगारांनी अशी संस्था काढली होती. इंग्रजीत तिला टेनंट को-पार्टनरशिप म्हणतात. मराठीत सरळ सांगायचं तर 'भाडेकरूच भागीदार'. इमारत कुणा एकाची नाही, संस्थेची. तुम्ही संस्थेचे शेअर घेता, उरलेला पैसा कर्जाने उभा राहतो, आणि तुम्ही दर महिन्याला संस्थेला एक रक्कम देता. त्यातून कर्ज फिटतं, कर भरले जातात, डागडुजी होते, आणि एक वाटा पुढच्या मोठ्या खर्चासाठी बाजूला पडतो.

म्हणजे घरमालक गेला. पण घरमालकाचं काम गेलं का? छप्पर गळलं तर कोण बघणार? नळ फुटला तर? पालिकेचा कर कोण भरणार? घरमालक वाईट असेल, पण ही कामं कुणालातरी करावीच लागत होती. सोसायटीत ती सगळ्यांनी मिळून करायची. दर महिन्याला आपण सगळे मिळून जो घरमालक आहोत त्याच्या खिशात पैसे टाकायचे. काकांचा प्रश्न मला इथे कळला. मी 'त्यांना' पैसे देत नव्हतो. 'ते' असं कुणी नव्हतंच.

एक गोष्ट मात्र झाकून ठेवायची नाही. या सुरुवातीच्या सोसायट्या जातीच्या, समाजाच्या होत्या. ओळखीवर विश्वास, विश्वासावर उधारी, असं ते गणित होतं. त्याच गणिताने बाहेरच्याला दार बंद केलं. ही गोष्ट जुनी झाली असं समजू नका. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीचा 'सभासद पारशीच हवा' हा नियम ग्राह्य धरला. वेळेवर पैसे भरणारा शेजारी हवा, इथपर्यंत ठीक. तो आपल्यातलाच हवा, इथे माझं डोकं फिरतं. असो, तो वेगळा एपिसोड आहे.

आता त्याच शहरातली दुसरी गोष्ट. ती मला घरातून माहीत आहे.

माझी मावशी गिरगावात चाळीत राहायची. तिसरा मजला, लाकडी जिना, गॅलरीत कुंड्या. लहानपणी आम्हाला तिथे सगळ्यात भारी काय वाटायचं तर खालच्या पॅसेजमधले टेकू. जाड लाकडी वासे, तिरके लावलेले, वरच्या तुळईला आधार म्हणून. आम्ही त्यांच्यामधून पकडापकडी खेळायचो. ते तिथे का आहेत हे कुणी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलंही नाही. मावशीचं भाडं महिन्याला पन्नास रुपयांच्या आत होतं. ती ते अभिमानाने सांगायची.

एवढं कमी कसं? १९१८ मध्ये, पहिल्या महायुद्धाच्या महागाईत, मुंबईत भाडेनियंत्रण आलं. काही वर्षांनी ते संपलं. मग दुसरं महायुद्ध, फाळणी, शहरात येणारे लोंढे, आणि १९४७ चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा. त्यात मूळ भाडं १ सप्टेंबर १९४० रोजी जे होतं तिथे बांधलं गेलं. हेतू चांगला होता, हे मी मनापासून म्हणतो. तो कायदा नसता तर माझ्या मावशीसारखी हजारो कुटुंबं गिरगाव, लालबाग, दादरमधून कधीच हाकलली गेली असती. पण तात्पुरता म्हणून आणलेला कायदा पुन्हापुन्हा वाढवत नेला आणि १९४० चा आकडा पन्नास वर्षं जवळपास तसाच राहिला. विटेचा भाव वाढला, गवंड्याची मजुरी वाढली, भाडं नाही.

मग घरमालक म्हणाला, या भाड्यात मी दुरुस्ती करणार नाही. भाडेकरू म्हणाला, इमारत माझी नाही, मी का करू? खोली हातबदल होताना मात्र लाखांची पागडी फिरायची. म्हणजे पैसा होता. फक्त तो भिंतीपर्यंत पोचत नव्हता. पावसाळ्यात इमारती कोसळायला लागल्या. माणसं मेली.

शेवटी १९६९ मध्ये सरकारने कायदा करून दुरुस्ती मंडळ स्थापन केलं आणि शहरातल्या जुन्या इमारतींवर उपकर बसवला. या इमारतींना आजही सगळे 'सेस बिल्डिंग' म्हणतात. सुरुवातीला त्या होत्या १९,६४२. त्यातल्या बहुसंख्य १९४० च्या आधीच्या. पुढे हे मंडळ म्हाडात गेलं.

आता हा उपकर म्हणजे काय ते बघा. इमारतीच्या झिजेचा खर्च वेळच्या वेळी कुणी भरला नाही, म्हणून सरकारने तो कर म्हणून वसूल करायला घेतला. उशिरा, आणि तोवर लाकूड कुजलेलं. हा मेंटेनन्सच आहे हो, फक्त दोन पिढ्या थकलेला.

१९९७ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की भाडं असं गोठवून ठेवणं आता वाजवी राहिलेलं नाही. मग १९९९ चा नवा कायदा आला आणि वर्षाला ४ टक्के वाढ करायची मुभा मिळाली. मावशीचं कुटुंब तोवर बदलापूरला गेलं होतं. चाळ रिकामी केली, एवढंच मला आठवतं.

तर एकाच शहरात हे दोन रस्ते होते. गावदेवीला दर महिन्याला थोडं थोडं भरलं गेलं. गिरगावात ते कुणाचंच काम नव्हतं. दोन्ही ठिकाणी साधारण सारख्याच पगाराची, सारखीच सरळ माणसं राहत होती. म्हणून 'लोकच नालायक' हे उत्तर मला पटत नाही.

पुढचा टप्पा पटकन सांगतो. स्वातंत्र्यानंतर 'ओनरशिप फ्लॅट' आले. बिल्डर पैसे घ्यायचा, कागद द्यायचा नाही, सोसायटी करून द्यायचा नाही. १९६० चा महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा झाला, पाठोपाठ १९६३ चा मोफा. फ्लॅटच्या व्यवहारात गैरप्रकार चालतात हे त्या कायद्याच्या प्रस्तावनेतच लिहिलंय. बिल्डरने लोकांकडून घेतलेल्या पैशांचा वेगळा हिशोब ठेवायचा, सोसायटी स्थापन करून द्यायची, इमारत ताब्यात देईपर्यंतचे कर आणि खर्च त्याने भागवायचे, असे नियम आले. त्यानंतर हा सगळा प्रकार ठाणे, डोंबिवली, पुणे, नाशिक असा पसरत गेला. आणि गावदेवीच्या मंडळींना तोंडपाठ असलेली एक गोष्ट वाटेत गळाली. आपण फ्लॅट 'विकत घेतो' म्हणतो, त्यामुळे मेंटेनन्स आपल्याला दंडासारखा वाटतो.

आता बिल काढा. खरंच काढा, मोबाइलमध्ये पीडीएफ असेल.

आमचं बिल महिन्याला ३,२०० रुपये. काकांनी पेनाने एकेक ओळ दाखवली. पालिकेचा कर, तो पालिका लावेल तसा. पाणीपट्टी, घरात नळाची जोडणी किती आणि केवढी त्याप्रमाणे. सेवा शुल्क, म्हणजे वॉचमन, झाडूवाली, जिन्यातले दिवे, ऑफिसची स्टेशनरी, हे सगळ्यांना सारखं, घर लहान असो की मोठं. मग दुरुस्ती निधी. आदर्श उपविधींप्रमाणे हा ठरवते सर्वसाधारण सभा, पण वर्षाला बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के. आणि सिंकिंग फंड, किमान ०.२५ टक्के, जमिनीची किंमत सोडून.

या शेवटच्या ओळीकडे मी कधी बघितलंच नव्हतं. नावामुळे वाटायचं, पैसे बुडवायचा फंड. प्रत्यक्षात इमारत म्हातारी होईल तेव्हाच्या मोठ्या कामासाठीची ती साठवण आहे. मावशीच्या चाळीत ही ओळ असती तर टेकू लागले नसते, असं मी काकांना म्हणालो. ते म्हणाले, "एवढं सोपं नसतं रे. पण कमी लागले असते."

आणि लिफ्ट? उपविधीत स्वच्छ लिहिलंय: ज्या इमारतीत लिफ्ट आहे तिथल्या सर्व सभासदांनी सारखा खर्च द्यायचा, वापरा किंवा नका वापरू. मी सात महिने ज्या मुद्द्यावर लढत होतो तो मुद्दा लढाई सुरू होण्याआधीच निकालात निघालेला होता. मी तरीही म्हटलं, हे अन्यायाचं आहे. काका म्हणाले, "मग एजीएमला ये. बोल. मत मांड. तू तर एजीएमलाही येत नाहीस." हेही खरं होतं.

मला हे आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून तुम्हाला सांगतो: बिल पटत नसेल तर भरा आणि भांडा. भरताना लेखी कळवा की अमुक रक्कम मला मान्य नाही, हक्क राखून भरतोय. मग कमिटी, मग निबंधक, मग सहकार न्यायालय, भांडायला जागा भरपूर आहेत. न भरता भांडलात तर तुमचा मुद्दा बरोबर असूनही तुम्ही थकबाकीदार. बिल मिळाल्यापासून तीन महिन्यांत पैसे आले नाहीत की हा शिक्का बसतो, आणि मग कमिटीची निवडणूक लढवता येत नाही. म्हणजे जिथे बसून नियम बदलायचे ती खुर्चीच जाते. सोसायटी निबंधकांकडे वसुलीच्या दाखल्यासाठी जाऊ शकते. पूर्वी हे कलम १०१ खाली व्हायचं, २०१९ च्या दुरुस्तीनंतर गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळं कलम आहे. दाखला मिळाला की वसुली जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी. शेतसाऱ्यासाठी बनलेलं हत्यार फ्लॅटच्या दारात येतं.

व्याजाचं गणितही करून टाकू. आमच्या सोसायटीने आदर्श उपविधींमधली कमाल मर्यादा घेतली होती, वर्षाला २१ टक्के, सरळ व्याज. चक्रवाढ नाही, हे तपासून घ्या, काही ठिकाणी सॉफ्टवेअर गुपचूप चक्रवाढ लावतं. ३,२०० वर महिन्याला ५६ रुपये. माझं पहिलं बिल सात महिने उशिरा, दुसरं सहा, असं करत शेवटचं एक महिना. एकूण अठ्ठावीस महिन्यांचं व्याज, १,५६८ रुपये. मुद्दल २२,४००. मी लगेच यूपीआय उघडलं. मनात आलं, चला, दीड हजारात सुटलो.

तेव्हा काकांनी हिरवी वही माझ्याकडे वळवली.

आमच्याकडे अठ्ठावीस फ्लॅट. सगळ्यांनी भरलं तर महिन्याला ८९,६०० जमतात. यादीतले पाच जण थांबले की १६,००० कमी. पाण्याचं बिल थांबवता येत नाही, वीज थांबवता येत नाही, लिफ्ट कंपनीचा माणूस पैसे मिळाल्याशिवाय येत नाही. मग काय थांबतं? वहीत एक रकाना होता, 'वॉचमन पगार, दिल्याची तारीख'. आधीच्या वर्षी सगळीकडे १, २, १, ३. मग मार्चपासून: ९. १२. ११. १६. जुलैत १९. मेमध्ये पंपाची मोटर जळाली तेव्हा काकांनी स्वतःचे आठ हजार घातले होते, तेही एका कोपऱ्यात पेन्सिलने लिहिलं होतं. परत घेतल्याची नोंद नव्हती.

वॉचमन चाचा मला रोज सकाळी गेट उघडून देतात. त्या सात महिन्यांतही देत होते. एकदा माझं पार्सल त्यांनी पावसात स्वतःच्या छत्रीखाली धरून ठेवलं होतं. त्यांना माहीत होतं का माझा नंबर यादीत आहे? बोर्ड त्यांच्या खुर्चीच्या बरोब्बर मागे आहे.

मी पैसे भरले. दर महिन्याच्या २ तारखेला आपोआप जातील अशी सोय केली. एजीएमला गेलो, लिफ्टबद्दल बोललो, सव्वीस विरुद्ध एक असा हरलो. एक जण आलाच नव्हता. काकांनी तिथल्या तिथे मला जॉइंट खजिनदार करून टाकलं. मला वाटतं तो सूड होता.

आता यादी मी करतो. गेल्या महिन्यात बी-५०२ चे तीन महिने झाले, मी लाल पेन काढलं. काका म्हणाले थांब. त्या घरातल्या मुलाची नोकरी एप्रिलमध्ये गेलीय. मला माहीत नव्हतं. यादीत तो नंबर आणि माझा जुना नंबर अगदी सारखा दिसला असता. आम्ही त्या दोघा मायलेकांशी बोललो, थकलेले पैसे सहा हप्त्यांत वाटून दिले, कमिटीच्या सभेत तसा ठराव लिहून घेतला. चाचांचा पगार या महिन्यात २ तारखेला झाला. रकान्यात तारीख मी लिहिली, काकांच्या पेनाने, कारण माझं चालत नव्हतं.

पुढच्या भागात पागडीबद्दल बोलू. ज्यांच्या घरात जुन्या भाडेपावत्या असतील त्यांनी फोटो पाठवा, नाव-पत्ता झाकून. भेटूच.